रविवारचा आवाज कोणाचा?

(मालवण येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मालवणच्या किनाऱ्यावर बसून शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातील रविवारच्या नभोवाणीची चर्चा कशासाठी करायची? आपल्यापुढे प्रश्न थोडे आहेत काय? पर्ससीनच्या जाळ्यांचा प्रश्न आहे, रापणकरांच्या पोटाचा प्रश्न आहे, गावे ओस पडण्याचा प्रश्न आहे. हे सारे मला मान्य आहे. माझी विनंती एवढीच की, विलायतेला जाण्यापूर्वी आपण याच किनाऱ्यावरच्या एका रविवारची आठवण करू.

१६ मे २०२१ हा रविवार होता. त्या दिवशी ‘तौक्ते’ चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेले. देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौका बुडाल्या, माणसे गेली. माड, पोफळी, आंबे, काजू आडवे झाले. विजेचे खांब कोलमडले आणि कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. इशारा मिळाला नव्हता असे मी म्हणणार नाही. हवामान खात्याने तो अगोदर दिला होता. पण वादळ गेल्यानंतर काय झाले? वीज नाही म्हणून दूरचित्रवाणी नाही. मनोरे बंद पडले म्हणून खिशातला फोन मुका. शेजारच्या वाडीत काय घडले, कोणता रस्ता मोकळा आहे, पिण्याचे पाणी कोठे मिळेल, हे सांगणारा आवाज नव्हता. आणि आपल्या वाडीची हाक तालुक्याच्या कचेरीपर्यंत पोहोचवणारी वाटही नव्हती. मुंबईतला चाकरमानी आईवडिलांचा एक शब्द ऐकण्यासाठी फोन लावीत बसला होता.

दोन सेलांवर चालणारा साधा रेडिओ अशा वेळी चालू शकतो. त्याला गावातली वीज लागत नाही. परंतु त्या रेडिओवर आपल्याविषयी बोलणार कोण? कोणत्या अधिकाराने बोलणार? हा प्रश्न यंत्राचा नाही, मालकीचा आहे. आणि त्याची पहिली परीक्षा इंग्लंडात एका रविवारीच झाली. म्हणून आपल्याला तिकडे जायचे आहे.

लढून मिळालेला दिवस

रविवारच का, हे आधी सांगतो. रविवारची सुट्टी ही आपल्याला देवाने दिलेली नाही, सरकारनेही आपण होऊन दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याचे सातही दिवस राबणाऱ्या कामगारांसाठी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे मागणी केली, अर्ज केले, सभा भरवल्या, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. त्या गिरण्यांत या किनाऱ्यावरची माणसे होती. तेव्हा रविवार ही कष्टकऱ्याची कमाई आहे. त्या एका दिवशी त्याचे हात मोकळे असतात आणि कानही मोकळे असतात. सहा दिवस ज्याने श्रम विकत घेतले, त्याला सातव्या दिवशी कानही हवा असतो. कधी मालकाला हवा असतो, कधी सरकारला, कधी धर्मपीठाला, कधी व्यापाऱ्याला. नभोवाणीच्या इतिहासात रविवारला जे महत्त्व आले, ते यामुळे आले.

९ मे १९२६

आता इंग्लंडकडे वळू. १९२६ च्या मे महिन्यात तेथे सार्वत्रिक संप झाला. खाणमालकांना मजुरी कापायची होती आणि कामाचे तास वाढवायचे होते. खाणकामगारांनी नकार दिला, तेव्हा मालकांनी खाणींना टाळे ठोकले. त्यांच्या पाठिंब्यासाठी ३ मेच्या मध्यरात्रीपासून रेल्वे, बंदरे, छापखाने, कारखाने यांतील लक्षावधी कामगार बाहेर पडले. छापखाने थांबल्यामुळे बहुतेक वृत्तपत्रे बंद झाली. सरकारने आपले एक पत्रक काढले, कामगार संघटनांनी आपले काढले. परंतु देशभर घराघरांत पोहोचणारा आवाज एकच उरला, बीबीसीचा. ती संस्था तेव्हा अवघी चार वर्षांची होती. रेडिओसंच बनवणाऱ्या कारखानदारांनी काढलेली ती एक कंपनी होती; सार्वजनिक महामंडळ तिचे पुढे १ जानेवारी १९२७ रोजी झाले. तिचे सूत्रधार होते जॉन रीथ, एका स्कॉटिश धर्मोपदेशकाचे चिरंजीव, करड्या शिस्तीचे आणि अढळ श्रद्धेचे गृहस्थ.

८ मे, शनिवारी रात्री, पंतप्रधान बाल्डविन देशाला उद्देशून बोलले. ते बोलले रीथ यांच्या घरातून. दुसऱ्या दिवशी रविवार. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये कार्डिनल बोर्न यांनी प्रवचनात सांगितले की, या संपाला नैतिक आधार नाही, हे ईश्वराच्या आज्ञेविरुद्धचे पाप आहे. बीबीसीने हे शब्द देशभर पोहोचवले. आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहा. इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप डेव्हिडसन यांनी दोनच दिवस आधी एक आवाहन तयार केले होते. संप मागे घ्यावा, सरकारने मदत द्यावी, खाणमालकांनी नवे दर मागे घ्यावेत, असा त्यात तिन्ही बाजूंना सल्ला होता. ते आवाहन मात्र रोखून धरण्यात आले आणि ११ मे रोजी, संप मोडण्याच्या आदल्या दिवशी, ऐकवण्यात आले. मजूर पक्षाचे नेते रॅम्से मॅकडोनल्ड यांनी बोलण्याची परवानगी मागितली. ती मिळालीच नाही. कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्या नेत्याला त्या ध्वनिक्षेपकासमोर जागा नव्हती, पण संपाला पाप म्हणणाऱ्या प्रवचनाला होती.

रीथ दुष्ट होते असे मी म्हणत नाही. सरकारमधील विन्स्टन चर्चिल यांना ही नभोवाणी सरळ ताब्यात घ्यावयाची होती. रीथ यांनी ते होऊ दिले नाही, आणि संपकऱ्यांच्या निवेदनांतील काही बातम्या दिल्याही. पण संस्था वाचवण्यासाठी त्यांनी जी किंमत दिली ती कामगारांच्या खात्यातून दिली. आपण खरोखरचे निःपक्षपाती राहणार नाही याचा सरकारला भरवसा आहे, अशा आशयाची नोंद त्यांनी स्वतःच आपल्या रोजनिशीत केली. १२ मे रोजी संप मागे घेतला गेला. खाणकामगार एकटे पडले, हिवाळ्याच्या तोंडापर्यंत झुंजले, आणि शेवटी कमी मजुरीवर, जास्त तासांवर खाणीत उतरले.

उपदेश आणि ओव्हल्टीन

संप संपला, पण रविवार दर आठवड्याला येतच राहिला. रीथ यांच्या रविवारचे स्वरूप कसे होते? १९३० च्या सुमारास सकाळी साडेदहाला ग्रिनिचची वेळ आणि हवामानाचा अंदाज. मग दुपारपर्यंत शांतता. माणसांनी चर्चमध्ये जावे आणि रेडिओने त्यांच्या आड येऊ नये, ही योजना. दुपारनंतर गंभीर संगीत, बाखची चर्चमधील गाणी, रात्री आठला प्रार्थना. त्यानंतर एखाद्या इस्पितळासाठी किंवा अनाथालयासाठी दानाचे आवाहन, बातम्या, वाद्यवृंद, आणि शेवटी बायबलच्या वचनांनी निरोप. नृत्यसंगीत नाही, विनोद नाही.

त्या दानाच्या आवाहनाकडे जरा लक्ष द्या. त्यातून पुष्कळांना मदत मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण दर रविवारी गरिबांसाठी दया मागणारी आणि गरिबी का आहे हे विचारू पाहणाऱ्याला आडकाठी करणारी नभोवाणी ही एका विशिष्ट समाजरचनेची नभोवाणी असते. १९२८ पर्यंत तर वादग्रस्त विषयांवर बोलण्यालाच तेथे मज्जाव होता.

श्रोत्यांनी याला काय उत्तर दिले? मोर्चा काढला नाही, अर्ज केला नाही. त्यांनी रेडिओची कळ फिरवली. १९३३ पासून लक्झेंबर्गहून इंग्रजी कार्यक्रम सुरू झाले. तेथे रविवारीही नाचगाणी होती, विनोद होते आणि जाहिराती होत्या. ओव्हल्टीन विकणाऱ्या कंपनीने रविवारी संध्याकाळी मुलांसाठी एक खास कार्यक्रम चालवला, मुलांचा संघ काढला, त्याला बिल्ले दिले, गुप्त खुणा दिल्या; लाखो मुले त्यात सामील झाली. उपदेशकाच्या दारातून निघालेला कामगार दुकानदाराच्या दारात जाऊन उभा राहिला. मोकळा श्वास त्याला मिळाला, पण गिऱ्हाईक म्हणून मिळाला.

रीथ १९३८ साली बीबीसीतून गेले. त्यांच्या रविवारला खरा हादरा बसला तो १९४० च्या आरंभी. फ्रान्समध्ये कडाक्याच्या थंडीत बसलेल्या सैनिकांना रविवारी प्रवचने नको होती. त्यांच्यासाठी बीबीसीने हलक्याफुलक्या कार्यक्रमांची वेगळी वाहिनी सुरू केली, आणि घरी बसलेले लोकही तीच ऐकू लागले. कामगार म्हणून जे त्याला मिळाले नव्हते, ते हाती बंदूक आल्यावर मिळाले. सत्तेला ज्याची गरज असते, त्याच्या आवडीनिवडीची तिला आठवण होते.

तोच साचा आपल्याकडे

भारताची नभोवाणी याच घराण्यात जन्मली. तिचा पाया घालण्यासाठी १९३५ साली बीबीसीतून लायोनेल फील्डन आले आणि १९३६ साली तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. स्वातंत्र्य आले, पण रचना तीच राहिली: दिल्लीचे खाते, दिल्लीचा मंत्री, दिल्लीची कात्री. १९५२ साली आपलेच एक विद्वान मराठी गृहस्थ बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी केलेले काम मोठे आहे. परंतु चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे ठरवून त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. मग जे इंग्लंडात झाले तेच येथे झाले. लोकांनी कळ फिरवली आणि लघुलहरींवर सिलोन लावले. दातांच्या पेस्टचा खप वाढवण्यासाठी १९५२ च्या डिसेंबरात तेथे सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ दर बुधवारी सारा देश ऐकू लागला. रीथ यांना लक्झेंबर्ग भेटले, केसकरांना सिलोन भेटले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला विविध भारती सुरू करावी लागली, आणि दहा वर्षांनी, १९६७ साली, तिच्यावर जाहिरातीही आल्या.

येथे एक अपवाद नोंदवला पाहिजे, नाही तर आपण अन्याय करू. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने ‘गीतरामायण’ प्रसारित केले. सीताकांत लाड यांची योजना, ग. दि. माडगूळकर यांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. दर शुक्रवारी सकाळी नवे गीत, आणि शनिवारी-रविवारी त्याची पुनरावृत्ती. विषय धार्मिक, सकाळ रविवारची, आणि चालवणारे सरकारी खाते. रीथ यांच्या रविवारशी साम्य पूर्ण. तरीही लोकांनी कळ फिरवली नाही, रेडिओला हार घातले. याचे कारण मला असे दिसते की, त्या गीतांत वरून दिलेला उपदेश नव्हता. भाषा लोकांची होती, चाली लोकांच्या कानातल्या होत्या आणि कवी त्यांच्यातला होता. सरकारी केंद्रातही माणसे होती, आणि त्यांनी लोकांशी बरोबरीने बोलायचे ठरवले तर लोक ऐकतात. भजन की सिनेमाचे गाणे, हा खरा वाद नव्हे. बोलणारा ऐकणाऱ्याला आपल्या बरोबरीचा मानतो की नाही, हा खरा वाद आहे.

पण बरोबरीने बोलणे हे एखाद्या अधिकाऱ्याच्या भलेपणावर अवलंबून राहिले, तर काय होते ते १९७५ साली आपण पाहिले. २६ जूनच्या सकाळी पंतप्रधान इंदिरा गांधी आकाशवाणीवरून बोलल्या आणि देशाला आणीबाणी कळली. या किनाऱ्याने, राजापूर मतदारसंघाने, बॅरिस्टर नाथ पै यांच्यामागे निवडून दिलेले खासदार साथी मधु दंडवते त्याच दिवशी बंगळूरला अटकेत गेले. त्यांच्या मतदारांना हे आकाशवाणीने सांगितले नाही. आपल्या प्रतिनिधीला तुरुंगात टाकले आहे, ही बातमी एकमेकांच्या कानात सांगायची पाळी मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसांवर आली. पुढे निवडणूक जाहीर झाल्यावर ६ फेब्रुवारी १९७७ रोजी, पुन्हा एका रविवारी, दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाशांची सभा होती. लोकांनी घरीच बसावे म्हणून त्या संध्याकाळी दूरदर्शनने ठरलेला जुना चित्रपट बदलून ‘बॉबी’ दाखवला. लोक तरीही मैदानावर गेले. रीथ यांनी रविवारी कामगाराला चर्चमध्ये पाठवण्यासाठी गाणी बंद केली; आणीबाणीच्या सरकारने त्याला सभेपासून रोखण्यासाठी गाणी चालू केली. औषधे दोन, वैद्य एकच.

रानातला आवाज

मग सरकार आणि दुकानदार यांच्याखेरीज तिसरी वाट नाहीच काय? मित्रहो, आहे, आणि ती शोधायला लंडनला किंवा दिल्लीला जावे लागत नाही. ती आपल्या सावंतवाडी तालुक्यातून, आंबोलीच्या रानातून गेली आहे.

तिच्याआधी एक वर्ष सांगावे लागेल, १९४२. त्या वर्षीच्या मार्चमध्ये बीबीसीने लंडनहून मराठी प्रसारण सुरू केले. तेथे वेणू चितळे यांच्यासारख्या मराठी बाई काम करीत होत्या, आणि मराठी वार्तापत्रांचे इंग्रजी मसुदे काही काळ जॉर्ज ऑर्वेल लिहीत असत. ऑर्वेल स्वतः समाजवादी, साम्राज्याचे टीकाकार. पण ते प्रसारण होते साम्राज्याच्या युद्धासाठी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेते गजाआड गेल्यावर मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्यामागे डॉ. राममनोहर लोहिया होते. पोलिसांना चुकवीत जागा बदलत राहायचे आणि सरकारने दाबलेल्या आष्टी-चिमूरच्या, जमशेदपूरच्या बातम्या देशाला द्यायच्या, हे त्यांचे काम. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना पकडले. तीन महिनेही न टिकलेल्या त्या केंद्राने दाखवून दिले की लहरींवर कोणाचाही सातबारा नाही.

आता आंबोली. १९५५ साली गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रह झाला. मे महिन्यात नानासाहेब गोरे यांची तुकडी आत गेली, जुलैत मधु लिमये गेले. पोर्तुगीजांनी त्यांना दहा-बारा वर्षांच्या शिक्षा ठोठावल्या. १५ ऑगस्टला आपल्या बांद्यापलीकडे पत्रादेवीला आणि अन्यत्र निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यानंतर भारत सरकारने सत्याग्रह थांबवला आणि सीमा बंद झाली. गोव्यातल्या माणसाला आता बाहेरची बातमी कळणार कशी? आत सालाझारचे वृत्तनियंत्रण, बाहेर बंद नाके. तेव्हा दादरा-नगरहवेलीच्या १९५४ च्या लढ्यात पोर्तुगीजांकडून हाती आलेली बिनतारी सामग्री घेऊन काही तरुण आंबोलीच्या जंगलात आले. तिचा प्रक्षेपक बनवून तो ट्रकवर बसवला गेला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, म्हणजे १५१० साली अल्बुकर्कने ज्या दिवशी गोवा घेतला त्याच तारखेला, कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून तो आवाज पहिल्यांदा उमटला. त्याचे नाव ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. तो चालवणारी मुख्य दोन माणसे, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो, जी पुढे पती-पत्नी झाली.

आंबोलीचा पाऊस आणि आंबोलीचे रान आपल्याला ठाऊक आहे. तेथे राहून रोज बातम्या मिळवायच्या, लिहायच्या, भाषांतर करायच्या, बोलायच्या, आणि पोर्तुगीजांचा अपप्रचार खोडून काढायचा. पुढे ते केंद्र कॅसलरॉकच्या बाजूला आणि नंतर बेळगावला गेले. पण सहा वर्षे, १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, ते बंद पडले नाही. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला तेव्हा याच दोघांनी विमानातून ध्वनिवर्धकावर ती बातमी गोव्याच्या गावांना सांगितली. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री मिळाली. आपल्या जिल्ह्यातील किती शाळांत मुलांना सांगितले जाते की स्वातंत्र्याचा एक आवाज आपल्या घाटातून उठला होता?

त्या केंद्राजवळ इमारत नव्हती, जाहिरात नव्हती, मंत्री नव्हता. दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे सांगण्यासारखे सत्य. दुसरी म्हणजे ऐकणाऱ्याची भाषा. मांडवीच्या काठच्या माणसाला कोणी तरी त्याच्या बोलीत, त्याला माणूस समजून, खरे काय ते सांगत होते. तिसरी वाट म्हणतात ती ही.

आपला दोष आणि आपले काम

मित्रहो, दुसऱ्यांचे दोष मोजून झाले, आता आपले. १९७७ साली जनता पक्षाचे सरकार आले. बंगळूरच्या तुरुंगातले कैदी मंत्री झाले. नभोवाणी स्वायत्त करण्यासाठी वर्गीज समिती नेमली गेली, तिचा अहवालही आला. पण सरकार आपापसातल्या भांडणात कोसळले. पुन्हा संधी आली तेव्हा १९९० साली प्रसारभारतीचा कायदा झाला, मधु दंडवते त्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. पण तो अमलात यायला १९९७ चा सप्टेंबर उजाडला, आणि पैशाची दोरी सरकारच्याच हाती राहिली. सत्तेबाहेर असताना ध्वनिक्षेपकाचा प्रश्न आपल्याला तातडीचा वाटतो. सत्तेत गेल्यावर तो उद्यावर टाकता येतो. आणखी खोलवरचा दोष असा की, रीथ आणि केसकर आपल्यातही बसलेले आहेत. लोकांना शिकवायचे आहे असे आपण म्हणतो. लोकांचे ऐकायचे आहे असे किती वेळा म्हणतो?

आज परिस्थिती काय आहे? न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी ९ फेब्रुवारी १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात स्पष्ट लिहिले की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सार्वजनिक म्हणजे सरकारची नव्हे आणि लिलावात बोली लावणाऱ्याचीही नव्हे. परंतु पुढे झाले काय? शहरांतल्या लहरींचे लिलाव झाले. २००६ च्या धोरणाने बिगरसरकारी संस्थांना छोटे सामुदायिक रेडिओ केंद्र चालवण्याची वाट उघडली, हे चांगले झाले. पण त्याच धोरणाने त्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई केली. गाणी लावा, पाककृती सांगा. गावात काय घडले ते मात्र सांगू नका. दुसरीकडे, आकाशवाणीची मध्यमलहरींवरची अनेक प्रक्षेपण केंद्रे गेल्या काही वर्षांत बंद झाली. २०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय आला. ओरड झाली तेव्हा तो थांबला. ओरड केली तर थांबतो, एवढा धडा त्यातून घ्यावा.

रामेश्वरमजवळ पांबन येथे २०१६ पासून ‘कडल ओसै’, म्हणजे ‘समुद्राचा नाद’, हे मच्छीमारांचे छोटे रेडिओ केंद्र चालू आहे. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला २००८ पासून माणदेशी स्त्रियांचे केंद्र आहे. तेलंगणात माचनूरला दलित शेतकरी बाया २००८ पासून आपले केंद्र चालवीत आहेत. पांबनच्या कोळ्याला जे जमते ते मालवणच्या गाबिताला, देवगडच्या दालदीला का जमू नये?

म्हणून आपली मागणी तीन कलमी असावी. पहिले, किनाऱ्यावरील मच्छीमार सहकारी संस्थांना आणि महिलांच्या गटांना एकत्र येऊन केंद्र चालवण्याचा परवाना सहज मिळावा आणि त्यांना स्थानिक बातम्या देण्याचा हक्क असावा. दुसरे, १९७७ साली रत्नागिरीला आकाशवाणीचे केंद्र झाले तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा जन्मला नव्हता. आज कोकणच्या प्रत्येक जिल्ह्याला आपल्या माणसांचे, आपल्या बोलीतले, रोजचे प्रसारण हवे, आणि वीज गेली तरी चालेल अशी व्यवस्था त्यामागे हवी. तिसरे, आकाशवाणीच्या कारभारात श्रोत्यांचे निवडलेले प्रतिनिधी बसावेत. आणि जोवर हे होत नाही तोवर आपण आपल्या घरातल्या रीथला आवरावे: आपल्या सभांत दर वेळी एक तास लोकांना बोलू द्यावे आणि आपण ऐकावे.

शेवटी एकच सांगतो. आपल्या गावांत जत्रेला, शिमग्याला ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाते. एक माणूस उभा राहतो, साऱ्या गावाच्या वतीने बोलतो. कोणाची नाव समुद्रात आहे, कोणाचे पोर परगावी आहे, कोणाच्या घरी दुखणे आहे, हे तो जाणतो. प्रत्येक वाक्यावर गाव म्हणते, “व्हय म्हाराजा!” तो होकार खरा असतो, कारण बोलणारा गावातला असतो आणि बोलणे गावाचे असते. शंभर वर्षे नभोवाणीने आपल्याकडून नुसता होकार मागितला. गाऱ्हाणे घालणारा मात्र लंडनचा होता, दिल्लीचा होता, नाही तर दुकानदाराचा नोकर होता. पुढच्या वादळाच्या रविवारी या किनाऱ्यावर जो आवाज उमटेल तो इथल्याच माणसाचा असावा, यासाठी झटू या. मग साऱ्या गावाबरोबर आपणही मोकळ्या मनाने म्हणू, व्हय म्हाराजा.